डॉजर्सचा सामना टीव्हीवरून गायब होतो तेव्हा

सामन्याला दहा मिनिटं असतात. तुम्ही रिमोटवर नेहमीचा नंबर दाबता आणि मैदानाऐवजी पडद्यावर एक पाटी येते. ‘तुमच्या केबल कंपनीने हे चॅनल काढलं आहे, फोन करून जाब विचारा.’ किंवा पाटी दुसऱ्या बाजूने लिहिलेली असते: ‘चॅनलच्या मालकांनी अवाच्या सवा पैसे मागितले, आम्ही तुमच्या खिशासाठी भांडतोय.’ दोन्ही पाट्यांवर एकेक फोन नंबर असतो आणि दोन्हीकडे फोन लावला तरी सामना काही दिसत नाही.

अमेरिकेत राहून बेसबॉल बघणाऱ्यावर ही वेळ कधीतरी येतेच. आमच्यावर २०१४ मध्ये आली, लॉस एंजेलिसमध्ये, आणि तिने मुक्कामच ठोकला. त्या काळात मी पैसे घालवले, फोनवर घसा कोरडा केला आणि उशिरा का होईना, थोडं शहाणपण आलं. ते लिहून ठेवते, म्हणजे तुमच्या घरातला चाहता रुसून बसला तर तुम्हाला श्रीगणेशापासून सुरुवात करायला नको.

मला स्वतःला बेसबॉलचं वेड नाही. वेड अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. एसटीच्या सातारा डेपोत हिशेब लिहिण्यात हयात गेलेला माणूस. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले. इथे क्रिकेट नको त्या वेळी लागायचं, म्हणून संध्याकाळी जे लागेल ते बघू लागले आणि लागायचे डॉजर्स, लॉस एंजेलिसचा बेसबॉल संघ. खेळ त्यांना पहिलं वर्षभर कळला नाही. विन स्कली मात्र पहिल्या आठवड्यात कळला. स्कली १९५० पासून डॉजर्सचं समालोचन करत होता, आणि तेही एकटा. शेजारी दुसरा कुणी नाही. समोर बॅट घेऊन उभ्या असलेल्या पोराच्या आजोबांची गोष्ट सुरू करायचा, मध्ये दोन चेंडू पडले की तेवढे सांगायचा आणि गोष्ट सोडली होती तिथून उचलायचा. ‘सूनबाई, हा कीर्तनकार आहे,’ अप्पा म्हणायचे. ‘आख्यान लावतो आणि अभंगाचं बोट सोडत नाही.’

२०१४ चा मोसम सुरू झाला आणि कीर्तन बंद.

आधी रोग ओळखा

सामना दिसत नाही याची कारणं तीन-चार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. चुकीचं औषध घेतलं की पैसे जातात. माझे गेले.

पहिलं बघा, तो सामना त्या दिवशी तुमच्या स्थानिक चॅनलवर आहे तरी का. राष्ट्रीय चॅनलने किंवा ॲपने फक्त स्वतःसाठी घेतलेला सामना (शुक्रवारचे काही ॲपलकडे असतात) स्थानिक चॅनलवर येत नाही. त्यात भांडण कुणाचंच नाही, वेळापत्रक नीट वाचा.

दुसरं, चॅनल यादीत आहे पण कुलूपबंद दिसतंय का? मग ते बहुतेक वरच्या, महागड्या पॅकेजात सरकवलेलं असतं.

तिसरं म्हणजे ब्लॅकआउट. याचा केबलच्या भांडणाशी थेट संबंध नाही, पण लोक दोन्हींची गल्लत करतात. एमएलबी या बेसबॉलच्या लीगने प्रत्येक संघाला एक मुलूख वाटून दिला आहे. त्या मुलखात राहणाऱ्याला लीगच्या एमएलबी डॉट टीव्ही या ॲपच्या नेहमीच्या पॅकेजवर त्या संघाचा सामना थेट दिसत नाही, तिथे हक्क स्थानिक चॅनलचा. लास वेगासच्या माणसाच्या वाट्याला अशी सहा संघांची बंदी यायची, आयोवाच्याही सहाच. आयोवात एकही संघ नसताना! मुलखाच्या या वाटण्या पाहून अप्पांना चौथाई-सरदेशमुखी आठवली.

आणि चौथं, खरं भांडण: चॅनल आणि तुमची केबल किंवा डिश कंपनी यांच्यात दर ठरला नाही आणि करार संपला, किंवा आमच्यासारखा मुळात झालाच नाही. पुढचं सगळं या चौथ्या रोगाबद्दल आहे.

पाकिटाच्या मागचा हिशेब

हे भांडण किती दिवस चालणार याचा अंदाज घ्यायचा असेल तर पाटीवरचा मजकूर वाचू नका, आकडे बघा. आमच्या घरात हे काम अप्पांनी केलं, विजेच्या बिलाच्या पाकिटाच्या मागे.

डॉजर्स २०१२ मध्ये नव्या मालकांनी दोनशे कोटी डॉलरच्या वर मोजून घेतले. पुढच्याच वर्षी टाइम वॉर्नर केबल या कंपनीशी सामने दाखवण्याचा करार झाला: २५ वर्षं, ८३५ कोटी डॉलर. २०१४ च्या फेब्रुवारीत स्पोर्ट्सनेट एलए हे नवं चॅनल सुरू झालं आणि आधी दुसऱ्या चॅनलांवर दिसणारे सामने तिकडे गेले. टाइम वॉर्नरने इतर कंपन्यांकडे दर घराला महिना पाच डॉलरच्या आसपास मागितले, अशा बातम्या तेव्हा होत्या. यातली गोम अशी की हे पैसे बघणाऱ्या घराचे नाहीत, कंपनीच्या त्या पॅकेजातल्या प्रत्येक घराचे. बेसबॉलचं नाव न ऐकलेल्या आजीबाईंचेसुद्धा.

अप्पांनी ८३५ कोटीला २५ ने भागलं: वर्षाला ३३ कोटी ४० लाख. घरामागे वर्षाला साठ डॉलर. पुन्हा भागाकार. ५५ लाखांच्या वर घरं आली. मग मला म्हणाले, ‘या तुमच्या लॉस एंजेलिसात टीव्ही असलेली घरं किती?’ शोधलं, तर अख्ख्या बाजारात मिळून साधारण तेवढीच. अप्पांनी पेन खाली ठेवलं. ‘म्हणजे एकूण एक घराने पैसे दिले तर मुद्दल सुटतं. हे मिटत नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार झालेली आहे आणि आयजी आपण.’

डिरेक्टीव्ही, डिश, कॉक्स या इतर कंपन्यांचं म्हणणं साधारण असं, की ज्याला हवं त्याला वेगळं विका, सगळ्यांच्या गळ्यात घालू नका. टाइम वॉर्नरला तेच परवडत नव्हतं, कारण सगळं गणित ‘सगळ्यांवर’ उभं. २०१६ मध्ये त्यांनी एका वर्षासाठी तीस टक्के सूट देऊ केली, तीही कुणी घेतली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारच्या न्याय विभागाने डिरेक्टीव्हीवर खटला भरला. आरोप असा, की प्रतिस्पर्धी कंपन्यांशी आतून बोलणी करून तिने ‘तुम्हीही घेऊ नका’ याची खात्री करून घेतली. मार्च २०१७ मध्ये तो तडजोडीत मिटला. चॅनल तरीही आलं नाही.

तर पहिला नियम: तुमच्या संघाचा करार किती वर्षांचा आणि किती कोटींचा, हे बातम्यांत सापडतं. त्यावरून घरामागे किती पडतात ते काढा. आकडा बाजाराच्या आवाक्याबाहेरचा वाटला तर ‘आज सुटेल, उद्या सुटेल’ म्हणत बसू नका. ह्यूस्टनचं उदाहरण घ्या. तिथे ॲस्ट्रॉस (बेसबॉल) आणि रॉकेट्स (बास्केटबॉल) या संघांचं मिळून चॅनल ऑक्टोबर २०१२ मध्ये निघालं आणि शहरातल्या साधारण चाळीस टक्के घरांतच पोचलं. बाकीच्या कंपन्यांनी दर नाकारला. वर्षभरात चॅनल दिवाळखोरीच्या कोर्टात. सप्टेंबर २०१३ मधल्या ॲस्ट्रॉसच्या एका सामन्याचं रेटिंग ०.० लागलं होतं. शून्य पूर्णांक शून्य. (संघही तेव्हा दारुण खेळत होता, तो भाग वेगळा.)

एक आठवण इथेच सांगते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याकडे स्टार, झी आणि सोनीने बऱ्याच केबलवाल्यांचे सिग्नल तोडले होते. साडेचार कोटी घरांतून चॅनल गेले असं केबलवाल्यांच्या संघटनेचं म्हणणं होतं. साताऱ्यात माझ्या नणंदेची मालिका बुडाली. पण ते प्रकरण आठवड्याभरात मिटलं, आणि तिथे चॅनलचा दर निदान जाहीर तरी असतो. ट्रायने २०१९ पासून एकेक चॅनल छापील किमतीला घ्यायची सोय केली आहे. अमेरिकेत कंपनी चॅनलला घरामागे काय देते ते करारातलं गुपित असतं.

तोवर सामना कसा गाठायचा

सगळ्यांत स्वस्त उपाय सगळ्यांत जुना: रेडिओ. पण साधा एएम रेडिओ, हातात धरायचा. तेव्हा फोनवर रेडिओ स्टेशनचं फुकट ॲप उघडलं तर सामना सुरू झाला की तिथे दुसराच कार्यक्रम वाजायचा. इंटरनेटवरच्या प्रक्षेपणाचे हक्क लीगकडे, त्याचं वेगळं ऑडिओ पॅकेज घ्यावं लागायचं. ते टीव्हीच्या पॅकेजपेक्षा कितीतरी स्वस्त आणि त्याला मुलखाची बंदी नाही. हवेतून येणारं एएम मात्र कुणी अडवत नाही.

डॉजर्स एएम ५७० वर. स्कली टीव्हीसाठीच बोलायचा, पण नऊपैकी पहिल्या तीन डावांचा त्याचा आवाज रेडिओवरही सोडायचे. पुढे रेडिओचे नेहमीचे समालोचक. अप्पांच्या हे लक्षात आलं आणि आमच्या घरातल्या जेवणाची वेळ बदलली. रात्रीचा सामना सात वाजून दहा मिनिटांनी. सात वाजता अप्पा खिडकीशी खुर्ची ओढून बसत. आठच्या आसपास तिसरा डाव संपायचा, मग म्हणायचे, ‘वाढ.’

एएमला घरातल्या विजेच्या वस्तूंचा फार त्रास होतो. आमचा रेडिओ पहिले चार दिवस नुसता घूं घूं करत होता. मी तो परत करायला निघाले होते. मुलाने लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढला आणि आवाज एकदम स्वच्छ झाला. तेव्हा रेडिओ खराब म्हणण्याआधी चार्जर, मंद होणारे दिवे, मायक्रोवेव्ह बंद करून बघा. आणि रेडिओ स्वतःभोवती सावकाश फिरवा. त्याचा अँटेना आत आडवा असतो, कोन बदलला की फरक पडतो.

दुसरा उपाय छोट्या अँटेनाचा. भांडण चिघळलं, मोसम अखेरीला आला आणि लोकप्रतिनिधी ओरडू लागले की कधीकधी काही सामने फुकट हवेतल्या चॅनलवर सोडतात. २०१४ चे शेवटचे सहा सामने पाच नंबरच्या केटीएलएवर दाखवले. २०१६ मध्ये स्कली निवृत्त होणार होता, तेव्हाही शेवटचे सहा. अलीकडे काही संघांनी मोसमातले बरेच सामने पुन्हा फुकट चॅनलवर आणले आहेत, तेव्हा अँटेना वाया जात नाही.

लावायचा कसा ते सांगते, कारण खोक्यावर लिहिलेलं वाचून आमचं काहीच झालं नाही. आपल्या शहराचे टीव्ही मनोरे कुठे आहेत ते आधी शोधा. लॉस एंजेलिसचे बहुतेक माउंट विल्सनवर. आम्ही शहराच्या पश्चिमेला राहायचो, म्हणजे डोंगर ईशान्येला. ‘ईशान्य? देवाची दिशा,’ अप्पा म्हणाले. ‘देवघराशेजारीच लाव.’ चिवट चिकटपट्टीने तो कागदासारखा चपटा अँटेना देवघराच्या बाजूच्या काचेवर लावला. टीव्हीच्या मेनूत जाऊन इनपुट ‘अँटेना’ केला आणि चॅनल शोधायला लावले. बावन्न सापडले, पाच नंबर नाही. अँटेना वीतभर वर सरकवला, पुन्हा शोध. पाच आला, पण चित्राचे चौकोन चौकोन. शेवटी कळलं की खिडकीची धातूची जाळी आड येत होती. जाळी काढली आणि चित्र केबलपेक्षा साफ. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: जागा बदलली की प्रत्येक वेळी चॅनल नव्याने शोधायला लावायचे, नाहीतर टीव्ही जुनीच यादी धरून बसतो.

२ ऑक्टोबर २०१६ ला सॅन फ्रान्सिस्कोत स्कलीचा शेवटचा सामना झाला. तो आम्ही त्याच अँटेनावर बघितला. अप्पांनी आधी देवाला दिवा लावला. दिवा अँटेनाच्या इतका जवळ होता की मी पूर्ण वेळ सामना सोडून त्या दिव्याकडे बघत होते.

आता माझी चूक. २०१४ च्या एप्रिलमध्ये मी एमएलबी डॉट टीव्हीचं वर्षाचं पॅकेज घेतलं. शंभरावर डॉलर. ‘सगळे संघ, सगळे सामने’ वाचलं, खालचा बारीक मजकूर वाचला नाही. संध्याकाळी अप्पांना ऐटीत बसवलं, डॉजर्सवर टिचकी मारली आणि ‘तुमच्या भागात उपलब्ध नाही.’ नियमात स्वच्छ लिहिलेलं होतं, दोष माझाच. केबलचं भांडण असो की नसो, मुलखाची बंदी तशीच राहते. चॅनल तुमच्या घरी येतच नाही, म्हणून लीग तुमच्यावर दया करत नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी लीगच्या साइटवर आपला झिप कोड टाकून बघा, कोणते संघ बंद आहेत ते तिथे कळतं. व्हीपीएन लावून पत्ता लपवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो अटींचा भंग आहे, आणि ऐन नवव्या डावात ॲपने ओळखलं की डोक्याला ताप.

मात्र ते चुकून घेतलेलं पॅकेज फुकट गेलं नाही. बंदी असलेला सामना संपल्यावर साधारण दीड तासाने तिथे पूर्ण बघता येतो. अप्पा सकाळी सहाला उठत, चहा घेऊन कालचा सामना लावत, स्कली पूर्ण नऊ डाव. ॲपमध्ये धावसंख्या लपवायची सोय आहे, ती आधी चालू करा. व्हॉट्सॲपला तशी सोय नाही. आमच्या गणेशोत्सवाच्या ग्रुपवर एक गृहस्थ रात्री अकराला न चुकता निकाल टाकायचे. अप्पांनी त्यांना फोन करून सांगितलं, ‘मोदकांचं लिहा, बाकी नको.’

आज एक दार जास्त उघडं आहे. बोस्टनच्या चॅनलने २०२२ मध्ये, न्यूयॉर्कच्या यांकीज संघाच्या यस नेटवर्क या चॅनलने २०२३ मध्ये केबलशिवाय थेट ॲपवरून विक्री सुरू केली. डॉजर्सचं चॅनलही आता तसं मिळतं. दर महिन्याला वीस-तीस डॉलरच्या घरात पडतं, म्हणजे घरामागे पाच डॉलरचं ‘ज्याला हवं त्याला’ केलं की काय होतं ते दिसतंच. पण सहा महिन्यांचा मोसम संपला की बंद करता येतं, आणि भांडण चालू असताना हाच बहुतेकांसाठी सरळ मार्ग आहे. मुलखात राहणाऱ्यांसाठीचं पॅकेज वेगळं असतं, तेच घेताय ना, हे दोनदा बघा.

फोन कसा करायचा

‘चॅनल कधी येणार?’ हे विचारू नका. समोरच्याला ते माहीत नसतं, तो कागदावरचं वाचतो. मी पहिल्या तीन फोनांत हेच विचारलं आणि तिन्ही वेळा ‘आम्ही तुमच्या वतीने वाटाघाटी करत आहोत’ ऐकलं. चौथ्या वेळी अप्पा शेजारी बसले होते. म्हणाले, ‘डेपोत माणूस गाडी का नाही म्हणून ओरडायचा, त्याला आम्ही बसवून ठेवायचो. जो तिकिटाचे पैसे परत मागायचा त्याचं काम आधी व्हायचं.’

म्हणून मी पैसे मागितले. शब्द साधारण असे: गेल्या वर्षी या पॅकेजात मला डॉजर्सचे सामने दिसायचे, आता दिसत नाहीत, बिल तेवढंच आहे. मला सेवा बंद करायची आहे, त्या विभागाकडे फोन द्या. हा ‘बंद करायचा’ विभागच सवलत देऊ शकतो, पहिला माणूस नाही. तिथे आवाज चढवायचा नाही. महिना दहा डॉलरप्रमाणे सहा महिने, एवढं मला मिळालं. लगेच विचारायचं: कोणत्या बिलापासून, कोणत्या बिलापर्यंत, नोंद क्रमांक काय. तारीख, वेळ, माणसाचं नाव वहीत. आणि ‘या सवलतीबरोबर माझा करार पुन्हा दोन वर्षांचा होत नाही ना?’ हे तर विचाराच. तिथे खरी मेख असते.

तिसऱ्या बिलात ती सवलत गायब झाली, त्याचं पुढे सांगते.

कंपनी बदलायची तर केव्हा

आमचा डिशचा दोन वर्षांचा करार २०१३ च्या शेवटी नुकताच नव्याने झालेला. मध्येच सोडला तर उरलेल्या दर महिन्याला वीस डॉलर दंड. एप्रिलमध्ये एकोणीस महिने उरले होते, म्हणजे तीनशे ऐंशी. शिवाय आमच्या इमारतीत दुसऱ्या कंपनीची तारच आलेली नव्हती, त्यामुळे प्रश्नच मिटला. तुम्ही चिडून फोन उचलण्याआधी या दोन गोष्टी बघा: दंड किती, आणि ज्या कंपनीकडे चॅनल आहे ती तुमच्या पत्त्यावर येते का. शहरात येते म्हणून घरात येते असं नसतं.

मग पंचांग बघा. ही भांडणं बहुधा सुटतात ती मोसमाच्या तोंडावर, कारण तेव्हाच दोघांना झळ बसते. यांकीजचं यस नेटवर्क मार्च २००२ मध्ये सुरू झालं आणि केबलव्हिजन या केबल कंपनीच्या तीसेक लाख घरांनी तो अख्खा मोसम पाहिला नाही. करार झाला मार्च २००३ मध्ये, नव्या मोसमाच्या तोंडावर. कॉमकास्ट या दुसऱ्या केबल कंपनीने हेच चॅनल नोव्हेंबर २०१५ मध्ये काढलं, म्हणजे खेळ बंद असताना, जेव्हा कुणी ओरडत नाही. न्यू जर्सी-कनेटिकटकडच्या नऊ लाखांच्या आसपास घरांचं २०१६ वर्ष कोरडं गेलं आणि परत आलं ते २०१७ चा मोसम सुरू होता होता. शिकागोत कब्ज संघाच्या मार्की नेटवर्कचा कॉमकास्टशी करार झाला तो कोविडमुळे लांबलेल्या मोसमात, संघाच्या अगदी पहिल्या सामन्याच्या दिवशी, जुलै २०२० मध्ये.

यावरून माझा ठोकताळा असा: मार्चच्या शेवटापर्यंत थांबा. मोसम सुरू होऊन दोन आठवडे गेले आणि तोडगा नाही, तर ते वर्ष गेलं असं धरा आणि दुसरी सोय लावा. मेमध्ये आशेवर बसणं सगळ्यांत महाग पडतं.

सरकारकडे तक्रार

एफसीसीकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या दूरसंचार आयोगाकडे, तक्रार फुकट करता येते आणि कंपनीला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘चॅनल लावा’ अशी तक्रार मात्र करू नका. तुमच्या अर्जावरून एफसीसी कंपनीला ते चॅनल घ्यायला लावू शकत नाही. जुलै २०१४ मध्ये खुद्द एफसीसीच्या अध्यक्षांनी, टॉम व्हीलर यांनी, टाइम वॉर्नर केबलला डॉजर्सबद्दल नाराजीचं पत्र लिहिलं होतं. पत्राला उत्तर गेलं, चॅनल आलं नाही. अध्यक्षांचं हे, तर सूनबाईचं काय.

बिलाची तक्रार मात्र लागू पडते. माझी सवलत गायब झाली तेव्हा मी तेवढंच लिहिलं: अमुक तारखेला, अमुक नोंद क्रमांकाने कबूल केलेले दहा डॉलर तिसऱ्या बिलापासून नाहीत. चार ओळी, सोबत दोन बिलं. बाराव्या दिवशी कंपनीच्या वरच्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला, उरलेले चाळीस एकदम जमा झाले. डॉजर्सचं नाव मी अर्जात घेतलंच नव्हतं.

चॅनल परत आल्यावर

पेढे वाटण्याआधी बिल बघा. बॅली स्पोर्ट्सची चॅनलं कॉमकास्टवरून १ मे २०२४ ला गेली. ब्रेव्ह्ज, टायगर्स, ट्विन्स यांचे चाहते तीन महिने तसेच. १ ऑगस्टला परत आली, पण वरच्या पॅकेजात. म्हणजे भांडण मिटलं आणि तुमचं बिल वाढलं, किंवा चॅनल यादीत दिसतंय आणि उघडत नाही. आपलं पॅकेज कोणतं, चॅनल कोणत्यात आलं, फरक किती, हे तीन आकडे घेऊन मगच हो म्हणा.

उलट बाजूही आहे. घरात कुणीच खेळ बघत नसेल तर बिलात ‘रीजनल स्पोर्ट्स फी’ अशी ओळ शोधा. जाहिरातीतल्या किमतीत ती पूर्वी नसायची, बिलात टपकायची. मार्च २०२४ मध्ये एफसीसीने केबल आणि डिश कंपन्यांना सगळं धरून एकच किंमत दाखवायचा नियम केला. ती ओळ ज्या पॅकेजात नाही ते खालचं पॅकेज मागा. कंपन्या ते आपणहून सांगत नाहीत.

आमचं काय झालं? स्कली निवृत्त झाला त्या हिवाळ्यात अप्पा साताऱ्याला परत गेले. पुढच्या वर्षी आम्ही घर बदललं आणि नव्या पत्त्यावर चॅनल असलेली केबल होती, इतकंच. डिरेक्टीव्हीशी अखेर करार झाल्याची बातमी १ एप्रिल २०२० ला आली. सहा मोसम थांबलेल्या लोकांच्या घरी चॅनल आलं तेव्हा कोविडमुळे बेसबॉलच बंद होतं. जुने सामने लावत होते.

मी साताऱ्याला फोन लावला. अप्पांना आधी वाटलं, एप्रिल फूल. मग विचारलं, ‘दर किती ठरला शेवटी? पाचच का?’

‘आकडा जाहीर केला नाही, अप्पा.’

‘मग लिहून ठेव, कुणीतरी बुडालाय.’ थोडं थांबून म्हणाले, ‘मागे आवाज कुणाचा येतोय?’

टीव्हीवर जुना सामना चालू होता. मी फोन स्पीकरजवळ धरला.

‘कितवा डाव?’

‘दुसरा.’

‘मग राहू दे तसाच,’ अप्पा म्हणाले. ‘तिसरा संपला की जेवतो.’